वाटीतला पाला

माझ्या नवऱ्याच्या छातीत एक धातूची झडप आहे. पाच वर्षांपूर्वी ऑपरेशन करून बसवली. टीव्ही, मिक्सर, माझं शिलाई मशीन असं सगळं बंद असलं की तिची टिकटिक शेजारी बसल्या बसल्या ऐकू येते. पाहुण्यांना ती ऐकवायची यांना भारी हौस. "घड्याळाचा खर्च वाचला," असं वर सांगतात. मला त्या विनोदावर पाच वर्षांत एकदाही हसू आलेलं नाही.

झडपेबरोबर एक गोळीही घरात आली. रक्त पातळ ठेवणारी. रोज संध्याकाळी ठरल्या वेळेला घ्यायची आणि जन्मभर घ्यायची. रक्त घट्ट झालं तर झडपेवर गुठळी धरते, फार पातळ झालं तर कुठूनही वाहायला लागतं आणि थांबत नाही. डॉक्टर हे समजावून सांगत होते तेव्हा मी मांडीवरची पर्स दोन्ही हातांनी आवळून बसले होते. मग ते म्हणाले की या गोळीचं आणि पालेभाजीचं जमत नाही. पालेभाजी जास्त झाली तर गोळीचा जोर कमी पडतो, कमी झाली तर जोर वाढतो.

"मग बंदच करते पालेभाजी," मी म्हणाले.

"बंद नाही करायची, काकू. रोजच्या जेवणात जेवढी असते तेवढीच असू द्या. आज ढीगभर आणि उद्या काहीच नाही, असं नको. त्याच्यावर मी गोळी ठरवतो."

मी विचारलं, जेवढी म्हणजे केवढी? ते जरा थांबले आणि म्हणाले, "दिवसाआड एक वाटी धरा."

झालं. एक दिवसाआड एक वाटी. माझ्यासारखीला असा नियम म्हणजे आवडीचं काम. फ्रिजवर कॅलेंडर टांगलं, पालेभाजीच्या दिवशी हिरव्या पेनाने खूण करायची. पाच वर्षांत खूण चुकली नाही. लग्नाला गेलो तरी डब्यात यांची वाटीभर मेथी माझ्याबरोबर असायची. मुलगी चेष्टा करायची, "आई, आता बाबांच्या वाटीचं रेशनकार्ड काढ." मी म्हणायचे, काढते, आधी तुझं लग्न ठरू दे.

पाला यायचा राईच्या मावशीकडून. खाडीकाठच्या राई गावात तिच्या घरच्या शेतीचा एवढासा तुकडा अजून बिल्डरच्या हाती लागायचा राहिलाय. त्यात ती पालक, मुळा, लाल माठ, थोडी मेथी लावते. आठवड्यातून तीन-चारदा रेल्वेचा पूल ओलांडून इकडे स्टेशनच्या पूर्वेला येते आणि इंद्रलोक वस्तीत आमच्या सोसायटीच्या गेटशी गोणपाट टाकून बसते. जुड्या हाताला भरतील एवढ्या, मुळं मातीसकट. मी तिच्याकडून दोन जुड्या घ्यायचे, वर ती कोथिंबिरीच्या चार काड्या टाकायची. दोन जुड्यांत यांची वाटी भरायची आणि आम्हा दोघींना अर्धी-अर्धी पुरायची.

यंदा पावसाने जायचं नावच घेतलं नाही. नवरात्र झालं, दिवाळी आली, तरी दुपार झाली की आभाळ भरून यायचं. मराठवाड्यात माझ्या माहेरी शेतं पाण्याखाली गेली. भावाचा फोन आला तर तो रडत नव्हता, नुसता शांत होता, आणि मला त्याचीच जास्त भीती वाटली. इकडे राईची मावशी यायची बंद झाली. एकदा गोणपाट न घेता, रिकाम्या हाताने स्टेशनकडे चाललेली दिसली. मी हाक मारली.

"काय सांगू ताय, शेतान पानी भरला नं सगला पाला कुजला," ती म्हणाली. "एक काडी न्हाय ऱ्हायली. आता परत पेरला हाय, बगू."

तिची कीव आली, पण खरं सांगायचं तर त्याच्या मागोमाग डोक्यात आलं ते वेगळंच. आता यांची वाटी कुठून भरायची?

गेटबाहेरच्या भैयाकडे मेथीची जुडी साठ रुपये झाली होती. जुडी कसली, लग्नातल्या वराच्या हातातला गुच्छ म्हणा. मी विचारलं, "भैया, ये क्या भाव है?" तो म्हणाला, "आंटी, माल ही नहीं आ रहा. नाशिक में सब सड गया." कोथिंबीर मागितली तर त्याने माझ्याकडे असं पाहिलं जसं मी त्याची सायकल मागितली. टोमॅटो, शेंगा, फ्लॉवर, सगळ्याचीच आग. फळांच्या गाडीवरून तर मी पलीकडच्या फूटपाथने जायला लागले. भाजीच्या गाडीशी उभ्या असलेल्या बायका भाव विचारायच्या, भाजी हातात घ्यायच्या, ठेवून द्यायच्या आणि एकमेकींकडे न बघता पुढे जायच्या. आपल्याला परवडत नाही हे कुणालाच कुणाला दाखवायचं नव्हतं.

आमचं घर कसं चालतं तेही सांगते. यांची कंपनी ऑपरेशनच्या आधीच बंद पडली होती. मी साड्यांना फॉल-बिडिंग करते, मुलगी नुकतीच एका कुरिअरच्या ऑफिसात लागलीय. औषधं, लाईटबिल, मेंटेनन्स गेल्यावर जे राहतं त्यात घर चालवायचं. पण त्याबद्दल मी कधी तोंड वाकडं केलेलं नाही, कारण तिथेच तर माझी हुशारी. माझी आई एका जुडीत दहा माणसं जेवू घालायची आणि कुणाला कळायचं नाही. ते मी तिच्या हाताखाली शिकले. ताटात कमी दिसलं की माणसाला आतून गरीब वाटतं, असं तिचं म्हणणं असायचं.

तेव्हा मी कामाला लागले. आधी दोनऐवजी एक जुडी आणि त्यात मूगडाळ. मग डाळ जरा वाढवली. मग अर्धी जुडी आणि पीठ पेरून भाजी. डाळीचं पीठ पेरलं की भाजी कशी मोकळी आणि भरीव होते, लसणाची फोडणी दिली की वास घरभर जातो. देठ टाकायचे नाहीत, बारीक चिरून त्यातच. नुसती यांच्यापुरती वेगळी, पाल्याची भाजी काढावी तर हे जेवत नाहीत. "मी काय पेशंट आहे?" म्हणून ताट सरकवतात. आहेत पेशंट, पण ते म्हणायचं नाही. म्हणून सगळ्यांना सारखं. वाटी मात्र काठोकाठ. दिवसाआड, हिरव्या पेनाची खूण.

सोसायटीतल्या बायकांचा एक ग्रुप आहे मोबाईलवर. तिथे भाज्यांच्या भावावरून रोजचं रडगाणं चालू होतं. मी तिथे माझ्या पीठ पेरलेल्या मेथीचा फोटो टाकला आणि लिहिलं, "अर्धी जुडी, तीन माणसं." काय ते कौतुक! गुजराती शेजारीण म्हणाली, "आंटी, तमे तो जादूगर छो." दोघींनी कृती विचारली. मी दोन दिवस त्या हवेत होते. यांना दाखवलं तर हे म्हणाले, "चव छान आहे," आणि वाटी चाटूनपुसून साफ केली.

नंतर एका सकाळी बेसिनपाशी ब्रश करताना यांनी तोंडातलं पाणी थुंकलं आणि ते लाल होतं. यांनी पटकन नळ सोडला. मला दिसलंच होतं.

"हिरड्या आहेत, हिरड्या. नवा ब्रश कडक आहे," हे म्हणाले.

ब्रश दोन महिन्यांचा जुना होता. मग मी बघायलाच लागले. दंडावर निळा डाग दिसला, "बसच्या दांड्याला लागलं" म्हणाले. पोटरीवर दुसरा दिसला, त्याला काही कारणच सापडलं नाही. दाढी करताना जरासं कापलं तर कापूस दाबून हे कितीतरी वेळ खुर्चीत बसून राहिले आणि वर्तमानपत्र उलटं धरलं होतं. मुलगी डबा भरताना माझ्याकडे बघायची, मी तिच्याकडे बघायचे नाही. फॉल लावताना माझी टाचणी तीनदा बोटात गेली.

रक्त तपासलं. या गोळीवाल्यांचा एक आकडा असतो. यांचा साडेतीनच्या आत असायला हवा. तो पाचाच्या वर गेला होता. रिपोर्ट घेऊन आम्ही तसेच दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी कागद बघितला आणि खुर्ची पुढे ओढली. दुखण्याची कुठली गोळी घेतली का? नाही. कुणी काढा वगैरे दिला? नाही. गोळी दोनदा घेतली गेली? नाही, मी स्वतः देते.

"जेवणात काही बदल? पालेभाजी कमी झालीय?"

मला खरंच राग आला. म्हटलं, "डॉक्टर, एक दिवस चुकला नाही. दिवसाआड एक वाटी, काठोकाठ. घरी या, कॅलेंडर दाखवते."

डॉक्टरांनी यांच्याकडे पाहिलं. हे माझ्याकडे पाहत होते. मग हे म्हणाले, "ती म्हणते ते बरोबर आहे. वाटी रोजची तीच आहे."

"मग गोळीच कमी करावी लागेल," डॉक्टर म्हणाले. दोन दिवस बंद, त्यानंतर कमी मात्रेची, आठवड्याने परत तपासणी. तोवर पडायचं नाही, आपटायचं नाही, कुठून रक्त आलं तर धावत यायचं. आम्ही रिक्षाने घरी आलो. रस्त्यावरच्या प्रत्येक खड्ड्याला मी यांचा हात धरत होते आणि हे सोडवून घेत होते.

त्या आठवड्यात मी घरातल्या सगळ्या टोकदार गोष्टी उचलून ठेवल्या. टीपॉयच्या कोपऱ्यांना जुन्या साडीच्या पट्ट्या बांधल्या. सुरी माझ्या ताब्यात. "घरात पाळणा आणायचाय का?" यांनी विचारलं. मी भांडले, मग बाथरूममध्ये जाऊन रडले. डाग हळूहळू पिवळे पडत गेले.

पाचव्या दिवशी गेटशी राईची मावशी बसलेली दिसली. मला एवढा आनंद झाला की मी चप्पल न घालताच खाली गेले. तिच्यापुढे पालकाच्या थोड्याच जुड्या होत्या. भाव अजून चढाच होता, पण भैयापेक्षा कमी.

"पयला पाला तुलाच," ती म्हणाली आणि दोन जुड्यांवर तिसरी टाकली.

म्हटलं, आज पीठ नाही, डाळ नाही. इतक्या दिवसांनी यांना नुसत्या पालकाची भाजी खाऊ घालू. चिरला तेव्हा परातीत डोंगर झाला. कढईत मावेना, दोनदा करून घातला. झाकण ठेवलं. थोड्या वेळाने झाकण काढलं तर कढईच्या तळाशी एवढीशी भाजी. मी ती वाट्यांत काढली. तीन वाट्या भरल्या आणि कढई रिकामी झाली.

तीन जुड्या आणि तीन वाट्या.

मी डाव हातात धरून तशीच उभी राहिले. एक जुडी म्हणजे जेमतेम एक वाटी, आणि इतके दिवस तीन माणसांत अर्धी जुडी! म्हणजे यांच्या वाटीत पाला किती होता? चार-पाच पानं. बाकी पीठ. डॉक्टर पाल्याबद्दल बोलत होते आणि मी वाटी मोजत होते. बदल काय झाला विचारलं तेव्हा मी छाती पुढे काढून नाही म्हणाले. त्या नाहीवर त्यांनी गोळी कमी केली. आणि आता कमी गोळीवर मी हा पालकाचा डोंगर यांच्यापुढे ठेवायला निघाले होते. आधी रक्त वाहायची भीती होती, आता गुठळीची.

हे ताट-पाट मांडून बसले होते. रविवार होता, मुलगीही घरी होती. मी त्या वाट्या ओट्यावर मागे सरकवल्या. माझ्या मनात काय आलं ते आज लिहितानाही लाज वाटते. मनात आलं, कुणाला काही सांगू नये. उद्यापासून गुपचूप पाला कमी-कमी करत आणावा, आठवड्याची तपासणी होईल, आकडा कुठेतरी जुळेल. त्या ग्रुपवर मला जादूगार म्हटलं होतं. डॉक्टरांना मी घरी या म्हटलं होतं. दोन-तीन मिनिटं मी असाच विचार करत होते, आणि ती माझ्या आयुष्यातली सगळ्यात वाईट दोन-तीन मिनिटं.

"अगं, आण की," हे म्हणाले. "वास तर चांगला सुटलाय. आज पीठ नाही वाटतं?"

मी वळले. "म्हणजे?"

"म्हणजे काय? रोज असतं. आज नाही."

"तुम्हाला माहीत होतं?"

"जीभ आहे ना मला."

"दवाखान्यात बोलला नाहीत ते?"

यांनी पाण्याचा पेला उचलला, परत ठेवला. "तू किती ठामपणे बोलत होतीस. त्यांच्यासमोर तुला कसं खोटं पाडायचं? आणि तू खोटं बोलत नव्हतीसच." मग म्हणाले, "गॅलरीतून दिसायचीस मला. भैयाकडे जायचीस, जुडी उचलायचीस, ठेवायचीस. मग वर येऊन हसून भाजी वाढायचीस. काय बोलणार मी?"

मला इतका संताप आला की मी ओरडलेच. "मेला असतात म्हणजे! माझी लाज राखायला मेला असतात!" मुलगी उठून उभी राहिली. मला यांचा राग आला होता, माझा त्याहून जास्त, आणि त्याच क्षणी मला यांच्या शेजारी बसून घट्ट धरावंसंही वाटत होतं. मी काहीच केलं नाही. मुलीला म्हणाले, "डॉक्टरांना फोन लाव. स्पीकरवर टाक."

रविवार असूनही त्यांनी उचलला. मी सगळं सांगितलं. अर्धी जुडी, पेरलेलं पीठ, आजचा पालक, ओट्यावरच्या वाट्या. सांगताना मध्येच आवाज फुटला तरी थांबले नाही. वाटलं, आता बोलणी बसणार. बसायलाच हवी होती.

"बरं झालं आत्ता सांगितलंत," ते म्हणाले. "पालक खाल्ला का त्यांनी?"

"नाही."

"आज चार चमचे द्या, जास्त नको. उद्या सकाळी तपासून घ्या, रिपोर्ट घेऊन या. आता एक सांगा काकू, यापुढे पाला किती असणार त्यांच्या जेवणात?"

"तुम्ही सांगाल तेवढा," मी म्हणाले. "किती हवा?"

"किती हवा ते नाही विचारत मी. गोळी पाल्याच्या हिशोबाने बसवता येते, फक्त पाला दर आठवड्याला सारखा पाहिजे, बस. भाव असेच राहिले तर न चुकता किती घ्यायला जमेल तुम्हाला? खरा आकडा सांगा."

मुलगी फोन हातात धरून फरशीकडे बघत होती. मग हे पुढे वाकले आणि पाहुण्यांशी बोलतात त्या मोकळ्या आवाजात म्हणाले, "डॉक्टर, दिवसाआड दोन जुड्या. पहिल्यासारख्याच. आमचा काही प्रश्न नाही."

मी मुलीच्या हातातून फोन घेतला.

"आठवड्याला दोन," मी म्हणाले. "तिघांत मिळून दोनच. त्याच्यावर नाही हो जमायचं आम्हाला."

यांनी मान खाली घातली. माझे कान तापले होते, पण फोन मी तसाच तोंडाजवळ धरून ठेवला.

"चालेल," डॉक्टर म्हणाले. "दोन लिहितो."